मेणबत्ती झोपवण्याचा पावसाळा

आषाढ पौर्णिमा जवळ आली की रायपूरच्या सदर बाजारातल्या दुकानांत मेणबत्त्यांचे पुडे मागच्या फळीवरून गल्ल्याशेजारी येतात आणि दिवाळी होईपर्यंत तिथेच मुक्काम करतात. यंदा त्यांच्या शेजारी काचेच्या बरण्यांतल्या रंगीत मेणबत्त्याही मांडलेल्या दिसल्या. प्रत्येक बरणीवर एक इंग्रजी नाव, बहुतेक पहाट, शांतता किंवा समुद्र यांच्याशी संबंधित. एकीचं झाकण उघडून वास घेतला. पहाटेची शांतता आणि आमच्या ऑफिसच्या स्वच्छतागृहातली डांबरगोळी यांत मला फारसा फरक करता आला नाही. दुकानदार म्हणाला, हीच सध्या जास्त चालते, लोक आंघोळ करताना लावतात. आंघोळीत अंधार असावा म्हणून लोक दिवा बंद करतात आणि उजेड असावा म्हणून मेणबत्ती विकत घेतात, हे अर्थशास्त्र मला झेपलं नाही. मी साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांचा पुडा मागितला आणि एकेक काढून वात मधोमध आहे का ते बघू लागलो. दुकानदाराच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली.

वात एका कडेला असली तर मेण त्याच बाजूने वितळतं, ओघळतं, ज्योत तिरपी होते आणि काळा धूर धरते. ही गोष्ट मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. नोकरी सरकारी, शिक्षण कला शाखेचं, आणि आयुष्यात मेणबत्तीचा संबंध वीज गेल्यावरचा. एका पावसाळ्याने हे ज्ञान माझ्या पदरात टाकलं. तो पावसाळा दर वर्षी आषाढात परत येतो.

मेणबत्तीची आपल्याकडे एकूण पंचाईतच आहे. कोणत्याही कार्यक्रमात मंचावर समई असते, आणि ती लावायला पाहुण्यांच्या हाती मेणबत्ती दिली जाते. म्हणजे मेणबत्ती हे काडेपेटीचं सभ्य रूप. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत वात शोधतात, वात सापडत नाही, शेजारचा माणूस त्यांचं मनगट धरून योग्य जागी नेतो, टाळ्या होतात. मग ती मेणबत्ती कुठे जाते? मी अनेक कार्यक्रम शेवटच्या रांगेत बसून पाहिले आहेत, आणि माझं लक्ष हळूहळू त्या प्रश्नावरच राहू लागलं. बहुतेक वेळा पाहुणे ती हवेत दोनदा हलवून शिपायाकडे देतात, आणि शिपाई ती पडद्यामागे नेतो. पडदा बहुधा सिंथेटिक असतो. दिवा लावण्याचे सोहळे असतात, त्याचे फोटो असतात, निमंत्रण पत्रिकेत 'शुभहस्ते' असतात. विझवायला मात्र कोणाच्याच हस्ताला बोलावणं जात नाही.

आणि घर वाचतं किंवा जळतं ते याच बिननिमंत्रित क्षणी.

आई बूढ़ापाऱ्यातल्या एका गल्लीत राहते. बाबा रेल्वेत होते. नागपूरहून बदली होऊन आले आणि निवृत्तीच्या आधी त्यांनी हे दोन खोल्यांचं घर घेतलं. ते गेल्यावर आई तिथेच राहिली. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर. धाकटा भाऊ विजू नागपूरजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात अधिकारी आहे. या शेवटच्या माहितीला पुढे फार महत्त्व आहे.

वर्षावास म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचा काळ. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावं, हा मूळ नियम. आमच्यासारख्या संसारी माणसांनी त्यातून एक सोयीची गोष्ट घेतली. रोज संध्याकाळी एकत्र बसायचं, वंदना घ्यायची आणि थोडं ग्रंथवाचन करायचं. विहार लांब पडतो म्हणून गल्लीतल्या आणि पलीकडच्या बायका आईच्या बाहेरच्या खोलीत जमतात. भिंतीवर दोन तसबिरी, खाली लाकडी फळी, फळीवर बुद्धमूर्ती आणि तिच्यापुढे मेणबत्ती. पांढऱ्या साड्या, ओल्या छत्र्या, दाराशी चपलांचा ढीग. रायपूरचा तो उकाडा, ज्यात पाऊस पडून गेल्यावर भिंतीसुद्धा घामेजतात. काडेपेटीतल्या काड्या सादळलेल्या, एक पेटायला चार मोडायच्या. मेणबत्त्या तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या, कारण मे महिन्यात खणात ठेवल्या तर त्या केळ्यासारख्या वाकतात. तांदळातून काढलेल्या मेणबत्तीला दोन-चार दाणे चिकटलेले असायचे. आई ते नखाने काढून परत डब्यात टाकायची.

आमच्या घरातून नवस, उपास, अंगारे हे सगळं आजोबांच्या पिढीतच गेलं. मांजर आडवं गेलं तर आई मांजराला विचारेल की बाई, तू कुठे निघालीस. पण वंदनेची मेणबत्ती तिने जन्मात कधी फुंकली नाही. ती आपली आपण जळून संपायची. फक्त तीच नाही, ज्या ज्या घरी मी वंदनेला बसलो आहे तिथे हेच पाहिलं. मेणबत्ती फळीवर मेणाचे दोन थेंब पाडून चिकटवायची, वंदना घ्यायची, आणि नंतर तिच्याकडे पाठ करून चहा प्यायचा. ती तिकडे शेवटपर्यंत जळत राहणार, कारण विझवायची कोणी? वर पंखा पूर्ण वेगात. ज्योत लोळण घेत असलेली. तसबिरीच्या काचेवर काजळीचा पट्टा चढत चाललेला. आई रविवारी ओल्या वर्तमानपत्राने काच पुसायची आणि म्हणायची की आजकालच्या मेणबत्त्याच खराब येऊन राहिल्या.

त्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी वाचन संपल्यावर आई बायकांना सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. गप्पा लांबल्या. इकडे मेणबत्ती तळाशी आली, फळीवरच्या प्लास्टिकच्या जाळीदार कापडाला लागली, आणि कापडाने वरच्या प्लास्टिकच्या हाराला कळवलं. शेजारच्या लतादीदी, पक्क्या छत्तीसगढी बाई, आपल्या ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांनी नाक वर केलं आणि हाक दिली, "अम्मा, कुछु जरत हे का?" उत्तराची वाट न बघता त्या आत शिरल्या आणि दोरीवरचा ओला टॉवेल फळीवर दाबून धरला. फळी काळी पडली, हार गेला, मूर्तीला काही झालं नाही. आई आली तेव्हा खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास आणि मधोमध लतादीदी, हातात काळा टॉवेल.

आईने ही गोष्ट कोणाला सांगितली नसती. पण जळकी फळी मी पाहिली, आणि मी विजूला कळवलं.

विजू पुढच्या गाडीने आला. त्याने घराची पाहणी केली. पाहणी हाच शब्द बरोबर, कारण तो स्वयंपाकघरालाही 'क्षेत्र' म्हणत होता. त्याला ज्वलनशील पदार्थ दिसले, अडगळीने अडलेला मार्ग दिसला, आणि एकटी राहणारी, मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी बाकी असलेली आई दिसली. त्याने येताना एक बॅटरीची मेणबत्ती आणली होती. पांढरी, हुबेहूब, वरची प्लास्टिकची ज्योत आपोआप लुकलुकणारी. आईने पंखा बंद करून पाहिला, चालू करून पाहिला. मग म्हणाली, "वारा आहे तरी ही तशीच हलून राहिली, अन् वारा नाही तरी तशीच. इले काही समजून नाही राहिलं." तिने ती मोरीच्या वाटेवर ठेवून दिली. तिथे ती आजही इमानाने लुकलुकते.

विजूने मग मूळ मुद्दा काढला. आईने माझ्याकडे किंवा त्याच्याकडे राहायचं, हे घर बंद करायचं. तो रागावला नव्हता. कारखान्यात त्याने जे पाहिलं असेल ते आम्ही पाहिलेलं नाही, आणि रात्री आईचा फोन लागला नाही तर तो काय काय कल्पना करत असेल हे मला आता कळतं. आईने फळीवरचा काळा डाग बोटाने चोळत विचारलं की तुमच्या बिल्डिंगीत संध्याकाळी कोण येईल माझ्याकडे. मी म्हटलं, बरेच लोक आहेत.

"लिफ्टमधले लोक," ती म्हणाली. "इथं मी मेणबत्ती लावतो म्हणून बायका येऊन राहिल्या. तिथं मी काय लिफ्टपाशी बसू?"

शेवटी एवढंच ठरलं की वर्षावास पुरा होऊ द्यावा. अश्विन पौर्णिमेला विजू येईल आणि आईला घेऊन जाईल. तिने मला फक्त एवढंच विचारलं की मेणबत्ती आग लावत नसेल तर?

म्हणून त्या पावसाळ्यात मी ऑफिसमधून सुटलो की बूढ़ा तालाबाच्या कडेने स्कूटर घालून आईकडे जायचो. आम्ही दोघांनी मेणबत्तीचा असा अभ्यास केला, जसा मी परीक्षेचाही केला नव्हता. आधी फळीवरून प्लास्टिक हद्दपार झालं. कापड, हार, फुलं, सगळं. मग मेणबत्ती फळीवरून खाली आली. हे सोपं नव्हतं, कारण तिची जागा तसबिरीपुढे, असं आईचं मत. पण जमिनीवर, बायकांच्या मधोमध, पितळेच्या परातीत ठेवली तर ती सगळ्यांच्या नजरेत राहते, हे तिला पटलं. परातीत जड वाटी, वाटीत वाळू, वाळूत मेणबत्ती रोवलेली. वाळूची रायपुरात कमतरता नाही, अर्धं शहर सदा बांधकामाखालीच असतं. समोरच्या ढिगातली आणली, धुतली, वाळवली. पडली तरी वाळूत पडेल. संपली तरी वाळूत संपेल.

पंख्याचा प्रश्न अवघड निघाला. पंखा चालू तर ज्योत वाकडी आणि धूर. पंखा बंद तर म्हाताऱ्या बायका घामाने बेजार, आणि त्रासलेल्या मनाने वंदना घेणं काही खरं नाही. तोडगा असा निघाला की वंदनेपुरता पंखा बंद, आणि परात दार-खिडकीच्या रेषेतून बाजूला, कोपऱ्याच्या अंगाला. खिडकी उघडीच, कारण बंद खोलीत डोकं धरतं. ज्योत सरळ उभी राहिली. मला ती पहिल्यांदाच नीट दिसली असं वाटलं. खाली निळी, मध्ये गडद, वर पिवळी. कापरं भरलेली नाही, नाचरी नाही, आपल्या जागी आपलं काम करणारी. आईने काचेकडे पाहिलं आणि ती म्हणाली की मेणबत्त्या आता चांगल्या येऊन राहिल्या वाटते.

मग वात. जळून काळी, लांब झालेली वात टोकाशी काजळीचं फूल धरते, आणि तिथूनच धूर येतो. दर वेळी लावण्याआधी ती नखाएवढी ठेवून बाकी कापायची. आईने यासाठी बाबांचं नेलकटर शोधून काढलं. बायकांनी पदर खोचून बसायचं, हाही नियम झाला. एका मावशींनी विचारलं की हे पाळायला आता कोणती पौर्णिमा. आई म्हणाली, लतीच्या टॉवेलची.

एवढं सगळं झालं, पण मुख्य गोष्ट राहिलीच. मेणबत्ती विझवायची नाही, म्हणजे ती संपेपर्यंत कोणीतरी बसायला हवं. मी आईला एक युक्ती वाचून सांगितली होती. विणायच्या सुईने वात वितळलेल्या मेणात वाकवायची आणि लगेच पुन्हा उभी करायची. ज्योत जाते, धूर होत नाही, वास येत नाही, आणि मेण लागलेली वात दुसऱ्या दिवशी पटकन पेटते. करूनही दाखवलं. आईने सुई माझ्या हातातून काढून घेतली.

"म्हणजे फुंकून नाही मारायचं, तर बुडवून मारायचं," ती म्हणाली.

मी थोडं बुद्धिवादी भाषण केलं. आपण सगळं सोडलं, मग हे काहून धरून बसलो, असं विचारलं. तिने ऐकून घेतलं. ती म्हणाली, "चूल आपण विझवतो, कारण भाकर झाली. कंदील विझवतो, कारण निजायचं आहे. इचं काम कधी झालं, हे मी कोण सांगणारी?" श्रद्धेच्या बाजूने मी जितके युक्तिवाद वाचले आहेत, त्यांतल्या बहुतेकांना मी पुस्तक मिटून हरवू शकतो. हा मात्र स्वयंपाकघरातून आला होता, आणि तिथल्या युक्तिवादांपुढे माझं वाचन कायम तोकडं पडत आलं आहे.

बसायचं काम लतादीदींनी आपणहून घेतलं. त्या काही बौद्ध नव्हेत. वाचन त्यांना अर्धंमुर्धं कळायचं. पण अम्माजवळ कोणी असावं म्हणून बायका गेल्यावर त्या परातीपाशी येऊन बसायच्या. आई स्वयंपाक करायची, या ज्योतीवर लक्ष ठेवायच्या. सासूबाई ओरडतात का असं आईने विचारलं की नुसतं "हव", म्हणजे हो, म्हणून हसायच्या. तिकडे त्यांच्या घरी भात चुलीवर खोळंबलेला असायचा.

भादव्याच्या त्या एका संध्याकाळी मी दारात स्कूटर लावून आत आलो, आणि आईने मला हाताने थांबवलं. लतादीदी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. दिवसभराच्या कामाने थकलेला चेहरा, तोंड किंचित उघडं, पदर खोच सुटून जमिनीवर पसरलेला. परातीपासून वीतभरही अंतर नव्हतं. मेणबत्ती अर्धी बाकी होती. आई लतादीदी आणि मेणबत्ती या दोघींकडे बघत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीतरी हिशेब चुकल्यासारखं दिसत होतं.

ती खाली वाकली. पदर आधी बाजूला केला. मग हळूच म्हणाली, "इच्या जिवाले काहून बसवून ठेवलं म्या?" आणि विणायची सुई घेऊन वात मेणात वाकवली, लगेच उभी केली. खोलीत अंधार झाला नाही, ट्यूबलाइट चालूच होती. धूरही झाला नाही. लतादीदींना जाग आली तेव्हा त्या घाबरून ज्योत शोधू लागल्या.

"झोपवली मी तिले," आई म्हणाली. "तू पण जा आता घरी झोपाले."

तेव्हापासून आमच्या घरात मेणबत्ती विझवत नाहीत, झोपवतात. वाचन संपलं की बायका तीनदा साधू म्हणतात आणि कोणीतरी सुई घेतं. सुरुवातीला कुरकुर झाली. एकीने विचारलं, हे चालते का. आई म्हणाली की ज्याने सगळ्या जिवांवर दया करा म्हणून सांगितलं, त्याच्यापुढे एका बाईले ताटकळत ठेवणं चालते का, ते आधी सांग. मग कोणी विचारलं नाही. ज्या गोष्टीला कोणी धर्म म्हणतं आणि कोणी अंधश्रद्धा, ती खरं तर बऱ्याचदा अपुरा विचार असते. आणि तो पुरा व्हायला भाषण लागत नाही. समोर झोपलेलं माणूस दिसावं लागतं.

यंदा आईच्या दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया होऊन गेली. वात कापताना ती नेलकटर आता जवळ धरत नाही, लांब धरते आणि हसते. बायकांत दोघी नव्या आल्या आहेत, त्यांच्या मुली सोबत येतात. मुलींना मराठी समजतं, उत्तर हिंदीत देतात. त्यांतली एक वाचताना अडखळते, आणि तिच्यापेक्षा मोठ्या बायका तिच्यासोबत अडखळत पुढे जातात. वीज गेली तरी वाचन थांबत नाही. सरळ उभ्या ज्योतीत अक्षरं दिसतात.

पण त्या वर्षीची अश्विन पौर्णिमा सांगायची राहिली.

विजू ठरल्याप्रमाणे आला. सोबत रिकामी मोठी बॅग होती. ती त्याने दाराआड उभी केली. शेवटच्या वाचनाला खोली खचाखच भरली होती, लतादीदी पहिल्या रांगेत. विजू मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. त्याची नजर वाचणाऱ्या बाईवर नव्हती, परातीवर होती. मी त्याच्या शेजारी बसून त्याची नजर कुठे कुठे जाते ते बघत होतो. परात, वाळू, पदर, बंद पंखा, उघडी खिडकी, फळीवरची रिकामी जागा. अधूनमधून तो यादी तपासल्यासारखे ओठ हलवायचा. कारखान्यात तो हेच करत असेल, चूक शोधत असेल. ती सापडत नाही तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. लहानपणी गणित सुटल्यावर व्हायचा तसा.

साधुकार झाला. आईने सुई उचलली, आणि मग मान वळवून ती म्हणाली, "विजू, ये इकडं. आज तू झोपव."

तो बायकांच्या मधून वाट काढत गेला. गुडघ्यावर बसला. वात वाकवली, पण उभी करायला उशीर केला, आणि ती मेणात रुतली. बायका खुदखुदल्या. एका मावशींनी विचारलं, साहेबांच्या कारखान्यात हे शिकवत नाहीत का. आईने मेणबत्ती पुन्हा लावली, त्याचं मनगट धरलं, आणि दुसऱ्यांदा वात वाकली, उठली, ज्योत नाहीशी झाली. धूर नाही. विजूने सुईवरचं मेण बोटाने पुसलं आणि ती आईच्या हाती दिली.

खीर वाटली गेली. बायका निघाल्या. आई त्या दिवशीही त्यांना सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, आणि गप्पा नेहमीसारख्या लांबल्या. आम्ही दोघं भाऊ आत. विजूने परात हलवून पाहिली, वाळूत बोट घातलं, मेण गार झालं की नाही ते बघितलं. झालं होतं. मग त्याने उठून खिडकीतून बाहेर पाहिलं. आई चांदण्यात उभी होती, घराकडे पाठ करून, कसलीही घाई नसल्यासारखी.

ती परत आल्यावर त्याने घड्याळ बघितलं आणि तो म्हणाला, "आई, बॅग भरतो."

"कोणाची?" आईने विचारलं.

विजूने दाराआडची बॅग पुढे ओढली. मग ती आडवी टाकून त्याने खुंटीवरचा आपला शर्ट काढला.

"माझी," तो म्हणाला. "तू थोडी खीर दे बांधून."